भुतांचा फराळ

कडोदऱ्याच्या माणसाने आयुष्यात बेट पाहिलेलं असतं ते एकच, कबीरवड. भरूचजवळ नर्मदेच्या पात्रात ते आहे. होडीत चढताना बायकांनी केलेला आरडाओरडा, तो ऐसपैस पसरलेला वड, पारंब्यांना लोंबकळणारी पोरं आणि घरी येईपर्यंत चपलेत राहिलेली वाळू, इथे आमचा बेटांचा अभ्यास संपतो. बाकी आमचं गाव पक्कं जमिनीवरचं. मुंबई-अहमदाबाद हायवे आणि सुरत-धुळे हायवे एकमेकांना आडवे जातात तिथे कडोदरा चार रस्ता आहे. आजूबाजूला डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, बॉयलरची धुराडी, आणि ज्या रंगाच्या साड्या त्या दिवशी छापल्या असतील त्या रंगाची खाडी.

या गावात लूमवर ओडिशाचा माणूस, मिलमध्ये यूपी-बिहारचा, आणि खानदेशी जिथे सापडेल तिथे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं तापी लाइनच्या गाडीत बसली, उधना नाहीतर चलथानला उतरली आणि परत जायचं राहून गेलं. सुरतच्या लिंबायत-डिंडोलीत तुम्ही गुजरातीतून पत्ता विचारा, उत्तर अहिराणीत येईल. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील हेसुद्धा मूळचे जळगाव जिल्ह्यातले, म्हणजे गाडी कुठपर्यंत गेली ते बघा.

मी एका मिलमध्ये फोल्डिंग खात्यात आहे. दिवसभर ताके मोजायचे आणि डाग शोधायचे, हे काम. त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी कापडाला हात लावून पाहतो, मग माणसाला नमस्कार करतो. असा माणूस चिनी बेटावरची जत्रा बघायला कसा गेला, तर भाच्यामुळे. बहिणीचा मुलगा एका सुरती व्यापाऱ्याच्या हाँगकाँगमधल्या हिऱ्यांच्या ऑफिसात लागला आणि त्याने आजीला बोलावणं धाडलं. आजी म्हणजे माझी माय. वय सत्तरच्या पुढे, भाषा अहिराणी, पृथ्वीचा मध्यबिंदू अमळनेर. ती एकटी जाणार नाही म्हणून आम्ही नवराबायको हमाल म्हणून निघालो.

"मामा, पाच मेला या. इथे चेउंग चाऊ बेटावर पावांची जत्रा असते," भाचा फोनवर म्हणाला.

मायने ताबडतोब भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. २०२५ च्या पाच मेला वैशाख शुद्ध अष्टमी होती. पुढे तीनच दिवसांनी एकादशी, म्हणजे अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ. मायने अट घातली. "जत्रा दखसू, पन रथाले मी अमळनेरमा पाहिजे." विमान, फेरी, प्रवेशाची नोंदणी हे सगळं मग बोरी नदीकाठच्या त्या रथाच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरलं.

गंमत अशी की चेउंग चाऊची जत्राही तिथीनेच चालते. चिनी पंचांगातल्या चौथ्या महिन्याची अष्टमी हा तिचा दिवस, आणि तो चौथा महिना बऱ्याच वर्षी आपल्या वैशाखावरच येऊन बसतो. २०२४ मध्ये ती १५ मेला होती, त्या दिवशीही आपली वैशाख शुद्ध अष्टमीच. चुकामूक होते ती अधिक महिन्यामुळे. तो त्यांच्याकडेही असतो. २०२३ मध्ये दोन्ही पंचांगांनी एकेक महिना जास्तीचा धरला. चिनी लोकांनी दुसरा महिना दोनदा घेतला, आपण श्रावण दोनदा घेतला, आणि अष्टम्या फिसकटल्या. भाच्याने हे समजावल्यावर मायचा निर्णय झाला, "म्हंजे त्यासनं पंचांग बी आपलाच भट करस." बुद्धाच्या जन्माची सुट्टीही हाँगकाँगमध्ये याच अष्टमीला असते. आपल्याकडे बुद्धपौर्णिमा त्यानंतर आठवड्याने. तिथे सगळंच वेळेच्या आधी होतं.

निघण्याच्या आदल्या रात्री शेजारचे काठियावाडी काका आले. त्यांनी धंद्यासाठी चीनच्या वाऱ्या केलेल्या. खुर्चीत न बसता त्यांनी आधी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चीनमां तो जे हाले ई बधुं खाय." हालेल ते सगळं खातात. एवढं सांगून त्यांनी थेपल्यांचा डबा, खाखऱ्याची पाकिटं, सुखडी आणि छुंद्याची बाटली टेबलावर मांडली. बायकोने त्यात कळण्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घातली. आमच्या सामानात कपडे होते, पण ते शोधावे लागत.

चेउंग चाऊला जायची फेरी सेंट्रलच्या पाच नंबरच्या धक्क्यावरून सुटते. साधी बोट तासाभराची, जलद बोट त्याहून बरीच लवकर पोचणारी. जत्रेच्या दिवशी तिथे जी रांग असते ती पाहून बायको घाबरली. गर्दी पाहून नव्हे, गर्दीतली शांतता पाहून. हजारो माणसं लोखंडी कठड्यांमधून हळूहळू सरकतायत, कोणी ढकलत नाही, कोणी "अहो जरा, आमचे पुढे आहेत" असं म्हणत घुसत नाही, कोणी बोटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत नाही. आखाजीला भुसावळकडच्या गाडीत चढलेल्या माणसाला असली गर्दी अनैसर्गिक वाटते. बोटीत शिरताच मायने मात्र आपल्या शेजारच्या दोन जागांवर पिशवी आणि चप्पल ठेवून खानदेशचं नाव राखलं. समोरच्या चिनी आजीबाईंनी चपलेकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि आपली छत्री शेजारच्या जागेवर ठेवली. दोघींची ओळख झाली.

बोटीत एक गुजराती कंपनीही होती. थोड्या वेळाने खाखऱ्याचा कडकड आवाज सुरू झाला आणि मेथीचा वास पसरला. एकूण बोटीला हालणाऱ्या गोष्टींची धास्ती बसलेली होती.

बेट अडीच चौरस किलोमीटरहूनही थोडं लहान, मधोमध बारीक आणि दोन्ही टोकांना फुगलेलं. तिथे मोटारी नाहीत. सायकली, हातगाड्या आणि गल्लीत मावतील अशी चिमुकली सरकारी वाहनं. चार रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला हॉर्नविना कान वाजल्यासारखे होतात. मी दोनदा मागे वळून पाहिलं की ट्रक येतोय का.

आणि मग तो धक्का. बाजारातल्या मॅकडोनाल्डसमोर रांग होती आणि दारावर मशरूमच्या बर्गरची पाटी. भाच्याने खुलासा केला की जत्रेच्या दिवसांत सगळं बेट शाकाहारी होतं, ही जुनी रीत आहे. एरवी मासेमारीवर जगणारं हे बेट. हाँगकाँगमध्ये वर्षभर हालेल ते खाल्लं जात असेल, पण नेमक्या त्या दिवशी, नेमक्या त्या बेटावर आम्ही चार माणसं आणि ती गुजराती कंपनी मिळून कित्येक किलो थेपले घेऊन उतरलो होतो. कंपनीतल्या एका शेठांच्या चेहऱ्यावर प्रवासात पहिल्यांदाच अस्सल दुःख दिसलं. एवढं वजन उगाच वाहिलं!

जत्रेच्या मुळाशी साथ आहे. छिंग राजवटीत बेटावर रोगराई आली, समुद्री चाच्यांनी मारलेल्या माणसांचे आत्मे भटकतायत असंही लोकांना वाटलं. मग त्यांनी पाक ताय या देवाची मूर्ती गल्लीबोळांतून फिरवली, स्वतः देवांची सोंगं घेऊन भुतांना हुसकावलं आणि साथ गेली, अशी कथा आहे. पाक तायचं देऊळ १७८३ सालचं. भाचा हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवत होता. मायला त्यात नवीन काही वाटलं नाही. तिच्या लहानपणी गावात मरीमायचा गाडा निघे. पटकी आली की गाडा ओढत शिवेपर्यंत न्यायचा, तिथे सोडून मागे न बघता परतायचं. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेवरून त्याच्या पुढच्या गावाकडे ढकलायचा. म्हणजे रोग जात नसे, तो तालुका बदलत असे.

"पन आठे पुढलं गावच नही," माय समुद्राकडे बघत म्हणाली. "ढकलतीन कोठे? म्हनीसन जेवाले घालतस."

या विषयावर पीएचडी झाल्या असतील. मला मायचं पटलं. शिव नसलेल्या गावाने भुताला जेवू घालण्यावाचून दुसरं काय करायचं?

आणि साथीच्या बाबतीत हाँगकाँगचं आणि आपलं नातं काकांच्या थेपल्यांपेक्षा जुनं आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग आला. अलेक्सांद्र येर्सें नावाच्या फ्रेंच-स्विस डॉक्टरने तिथेच एका गवती झोपडीत बसून त्याचा जंतू शोधला. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत उतरला, बंदरातूनच. पुढच्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाचे गोरे सोजीर घरात घुसून तपासण्या करू लागले आणि चापेकरांनी रँडला गोळी घातली. आणि १८९४ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये, सुरत. तेव्हा तोंडाला रुमाल बांधून लाखो माणसं शहर सोडून गेली. तापी लाइनच्या गाड्यांना माणसं बाहेरून चिकटलेली होती, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळत नव्हत्या, आणि गावी पोचलेल्या सुरतकराला त्याचेच भाऊबंद लांबूनच "कसं काय?" विचारत होते.

चेउंग चाऊने साथीनंतर देव फिरवला. सुरतेत १९९५ पासून आयुक्त फिरले. एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना एसी खोल्यांतून उठवून रोज गल्लीत उतरवलं, कचरा उचलला, आणि ज्या शहराला लोक नाक धरत तेच स्वच्छ शहरांच्या यादीत वर जाऊन बसलं. फिरण्याचा गुण दोन्हीकडे आला. त्या आयुक्तांची मात्र आम्ही अजून जत्रा भरवलेली नाही. महापालिकेचा माणूस अंगात येणं कोणालाच परवडणारं नसतं.

दुपारी मिरवणूक सुरू झाली. ढोल, झांजा, सिंहांचे नाच, यात लिंबायतच्या गणपतीवाल्यांना शिकवण्यासारखं काही नाही. पण मग गर्दीच्या डोक्यावरून पोरं तरंगत आली. पाच-सहा वर्षांची मुलं, रंगवलेल्या चेहऱ्यांची, जरीचे झगे घातलेली, आणि एकेक पोर कशाच्या टोकावर उभं, तर तलवारीच्या, पंख्याच्या, नाहीतर दुसऱ्या पोराच्या हातातल्या कपाच्या! कोणी जुना सेनापती, कोणी देवी. मूळची देवांची सोंगं अशी हवेत गेलेली. आता त्यात चालू काळातले पुढारी आणि खेळाडूही असतात. याच बेटावरची ली लाय-शान हिने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये शिडाच्या फळीवरच्या शर्यतीत हाँगकाँगचं पहिलं सुवर्णपदक आणलं, त्यामुळे खेळाडूंना इथे देवांच्या रांगेत उभं करायला कोणाची हरकत नसावी.

यातली युक्ती कपड्यात आहे. झग्याच्या आत पोलादी सळई वाकवून बैठक केलेली असते, पोर तिच्यावर बसलेलं असतं आणि लटके पाय खाली लोंबत असतात. खाली गाडा, तो माणसं ढकलतात. मी झग्याचं सॅटिन बघत होतो. पॉलिएस्टर, बरं होतं, पण कडेला रंगाची झाक बदललेली. आमच्याकडे असा माल 'सेकंड'मध्ये जातो. बायको डोळे विस्फारून बघत होती, भाचा व्हिडिओ काढत होता. माय एका चिमुकल्या राणीकडे बराच वेळ टक लावून होती.

"हाई पोर कितला येळ वर ऱ्हास?"

"मिरवणूक संपेपर्यंत, आजी. दोन-तीन तास."

"आनि तिले मुताले लागनं तं?"

भाच्याने मोबाइलवर शोधलं. जत्रेचा इतिहास, वारसा, देवाची वंशावळ, सगळं होतं. एवढा एक मुद्दा कोणी घेतलेला नव्हता. ही जत्रा २०११ पासून चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आहे. यादी करणाऱ्यांत एकही आजी नसणार.

देवळासमोर तीन मनोरे उभे होते, सुमारे साठ फुटी, खालपासून वरपर्यंत पावांनी मढवलेले. पांढरे वाफवलेले पाव, प्रत्येकावर सुखरूपतेची दोन चिनी अक्षरं लाल शिक्क्याने छापलेली. हे भुतांचं जेवण. शेजारी बांबूच्या मांडवात देवांसाठी संगीत नाटक लागलं होतं, आणि कागदाचा एक अवाढव्य भूतराजा कोण किती खातं यावर नजर ठेवून बसला होता. रात्री त्याला जाळतात. हिशेब तपासणाऱ्याची ही सोय मला फार आवडली.

खरी मजा पूर्वी मध्यरात्री होती. इशारा झाला की बेटावरची पोरं या मनोऱ्यांवर तुटून पडत. जितका वरचा पाव तितकी घराला बरकत. १९७८ मध्ये मनोरा कोसळला, माणसं जखमी झाली, सरकारने पावलूट बंद केली. पुढे २००१ मध्ये मॅकडल नावाच्या डुकराच्या पिलावर एक कार्टून चित्रपट आला, त्यात ही पावलूट होती, आणि लोकांना ती पुन्हा आठवली. जाणते, कीर्तनकार, नगरसेवक यांना जे जमलं नाही ते एका डुकराने केलं. २००५ मध्ये ती परत आली, पण बाळबोध होऊन. आता वेगळा पोलादी मनोरा, चौदा मीटरचा. आधी निवड, आधी प्रशिक्षण, मग अंतिम फेरीत बारा जण, कमरेला दोरी, वेळ तीन मिनिटं, खालच्या पावाला एक गुण, मधल्याला तीन, टोकाच्याला नऊ.

चौदा मीटर म्हणजे सेहेचाळीस फूट. हा आकडा ऐकून मी चमकलो, कारण २०१२ मध्ये ठाण्याच्या दहीहंडीला जय जवान पथकाने नऊ थर लावून गिनेसमध्ये नाव नोंदवलं ती उंची ४३.७९ फूट होती. फरक सव्वादोन फुटांचा. पण इथे खाली पोलाद, तिथे खाली कोणाचा तरी खांदा. आपल्याकडेही कायदा मधे येऊन गेलाच. २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची आणि अठरा वर्षांची मर्यादा घातली, २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, २०१७ ला उंचीची अट सुटली, आणि २०२२ ला महाराष्ट्र सरकारने गोविंदांना साहसी खेळाडू करून टाकलं, विम्यासकट. हाँगकाँगने खेळ सुरक्षित केला. आपण पडणाऱ्याला सुरक्षित केलं. आपली पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते, पण मी खांदा देणाऱ्यांतला नाही, चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून बघणाऱ्यांतला आहे.

बाजारात पावाच्या आकाराच्या उश्या, पावाच्या किल्ल्या अडकवायच्या साखळ्या, पावाचे टीशर्ट. मी एका टीशर्टची कड उलटून शिवण पाहिली, चिमटीत कापड धरलं आणि बायकोला म्हणालो, "चायनाचा माल आहे." तिने फक्त आजूबाजूला हात फिरवून दाखवला. एका जुन्या बेकरीपुढे रांगेत उभं राहून आम्ही खरे पाव घेतले. आत कुठे कमळाच्या बियांचं गोड सारण, कुठे तिळाचं, कुठे लाल कडधान्याचं. शिक्क्याचा लाल रंग बोटाला लागला. आमच्या डाइंग मास्तरांनी हा लॉट परत पाठवला असता.

पावलूट मध्यरात्री आणि आमचं विमान सकाळी, त्यामुळे संध्याकाळच्या बोटीने परतलो आणि भाच्याच्या खोलीत टीव्हीवर ती पाहिली. खोली अशी की चौघं बसलो की दार उघडायला एकाने उठावं लागे. शिट्टी वाजली, बारा जण माकडांसारखे वर गेले, पिशव्यांत पाव कोंबत खाली घसरू लागले. बायको ओरडत होती, तिने निळ्या कपड्यातल्या एकाला आपला मानला होता. मायच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती.

"दोर बांधेल शे," ती म्हणाली.

"पडायला नको म्हणून, आजी. आणि ते पावही खरे नाहीत हां. स्पर्धेत आता प्लॅस्टिकचे लावतात."

माय ताठ झाली. "पलाष्टिकना? मंग भूतं काय खातीन?"

भाच्याने घाईघाईने सांगितलं की देवळासमोरच्या मनोऱ्यांवरचे पाव खरेच आहेत, ते सकाळी लोकांना वाटतात. तेव्हा कुठे तिने पाठ टेकली. पुढचा प्रश्न सकाळची पहिली बोट किती वाजता, हा होता. भाचा म्हणाला, ऑफिस आहे. ऑफिस रोजच असतं, भूतं वरसातून एकदाच येतात, असं तिचं म्हणणं पडलं. विमानाचं तिकीट दाखवून आणि अमळनेरच्या रथाची आठवण देऊन तिला कसंबसं थोपवलं.

कडोदऱ्याला पोचेपर्यंत बेकरीचे पाव चांगलेच टणक झाले होते. बायकोने ते इडलीच्या भांड्यात वाफवून मऊ केले आणि मायने प्रसाद म्हणून गल्लीत वाटायला काढले. पहिलं ताट काकांकडे. सोबत न उघडलेली छुंद्याची बाटली. काकांनी पाव हातात घेतला, उलटला, लाल अक्षरांवरून बोट फिरवलं आणि नाकाजवळ नेला.

"आमां ईंडुं नथी ने?" यात अंडं नाही ना?

मी म्हटलं, काका, हा भुतांचा पाव आहे. त्या दिवसांत सगळं बेट कांदेपोह्यांवर असल्यासारखं राहतं. मांस नाही, मच्छी नाही. भुतांनाही तेच वाढतात.

"भूत पण वेजिटेरियन?"

"हो."

काकांनी पाव तोंडात टाकला, दुसरा उचलून काकूंच्या हातावर ठेवला आणि खुर्चीत आरामात मागे रेलले.

"तो तो आपणावाळा ज केवाय!"